हात कुठवर घालावा

ट्रकच्या केबिनमधला एसी बंद पडला की मालकापुढे दोन वाटा असतात. गाडी एसीवाल्याच्या दारात नेऊन उभी करायची, नाहीतर पाना आणि टेस्ट लॅम्प घेऊन स्वतःच कामाला लागायचे. महाराष्ट्रात हा प्रश्न कालपरवापर्यंत थोड्यांनाच पडत असे. बहुतेक ट्रकांत गारव्याची सोय म्हणजे उघडी काच, डॅशबोर्डवरचा छोटा पंखा आणि मानेभोवतीचा ओला पंचा. मे महिन्यात अकोल्या-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा उघड्या काचेतून झळाच आत येतात आणि सीटखालचे इंजिन खालून भाजत असते. आता १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या एन-२ आणि एन-३ वर्गांतल्या, म्हणजे साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या, मालवाहू गाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. कळंबोली असो की निगडीचे ट्रान्सपोर्टनगर, येत्या काही वर्षांत या गाड्या जुन्या होतील, त्यांचे एसी बंद पडू लागतील आणि हा निर्णय एका ट्रकच्या मालकालाही घ्यावा लागेल.

निर्णयासाठी यंत्राची रचना ठाऊक असावी लागते. माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी वाफ होताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते आणि पाणी गार होते. एसीचे तत्त्व तेच, फक्त इथे वाफ होणारा पदार्थ वाया न घालवता पुन्हापुन्हा वापरला जातो. सध्याच्या बहुतेक गाड्यांत हा पदार्थ आर-१३४ए नावाचा गॅस असतो. वातावरणाच्या दाबाला तो उणे २६ अंशांनाच उकळतो. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर त्याला दाबतो, दाबाने तो तापतो, समोरच्या किंवा टपावरच्या कंडेन्सरमध्ये उष्णता सोडून द्रव होतो, ड्रायरमधून गाळला जाऊन पुढे जातो, एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटताना त्याचा दाब एकदम उतरतो आणि केबिनमधल्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळू लागतो. उकळण्यासाठी लागणारी उष्णता तो केबिनच्या हवेतून घेतो. ब्लोअर ती गार झालेली हवा चालकाकडे फेकतो आणि गॅस परत कॉम्प्रेसरकडे जातो.

या सगळ्या पसाऱ्याचे दोन भाग पडतात. एक भाग उघडा आहे: पट्टा, क्लच, वायरिंग, रिले, फ्यूज, पंखे, ब्लोअर, फिल्टर, कंडेन्सरच्या जाळ्या, पाणी निघून जाणारी नळी. दुसरा भाग बंद आहे: ज्या नळ्यांतून, कॉइलांतून आणि कॉम्प्रेसरमधून गॅस फिरतो तो. उघड्या भागातली चूक डोळ्यांना दिसते आणि बहुधा तिथल्या तिथे सुधारता येते. उलटा लावलेला रिले काढून सरळ लावता येतो. बंद भागातली चूक मात्र दिसत नाही. ती महिन्याभराने, एखाद्या वेगळ्याच भागाच्या बिघाडाच्या रूपाने वर येते. आपण कुठवर जायचे हे ठरवताना माणसाच्या हुशारीपेक्षा हा फरक अधिक उपयोगी पडतो. उत्तम डिझेल मिस्त्रीसुद्धा बंद भागात गेज, व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा यांच्यावाचून आंधळाच असतो, आणि कधी पाना न धरलेला चालकही उघड्या भागातला निम्मा शोध घेऊ शकतो.

शोध ब्लोअरपासून सुरू करावा. वाराच येत नसेल तर गॅसचा विचार करण्याचे कारण नाही. फ्यूज, ब्लोअरची मोटर किंवा तिचा रेझिस्टर पाहायचा. वारा येतो पण मंद, तर केबिन फिल्टर काढून उजेडात धरावा. खडीच्या, सिमेंटच्या किंवा कोळशाच्या वाहतुकीतल्या गाडीत तो काही महिन्यांतच पुठ्ठ्यासारखा घट्ट होतो. पायाशी पाणी साचत असेल तर कॉइलखालची नळी तुंबली आहे. ती मोकळी करायला बारीक तार किंवा हवेचा झोत पुरतो. वारा जोरात पण कोमट, तेव्हा दोन शक्यता उरतात. एक म्हणजे हीटरच्या गरम पाण्याचा व्हॉल्व्ह किंवा हवेची झडप अर्धवट अडकली आहे आणि गार झालेली हवा तिथेच पुन्हा तापते आहे. दुसरी म्हणजे हवा मुळात गारच होत नाही.

दुसरी शक्यता तपासायची तर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी पाहावे लागते. इंजिन चालू आणि एसीचे बटण बंद असताना फक्त बाहेरची पुली फिरते, मधली चकती स्थिर असते. बटण दाबले की ‘टक्’ असा आवाज होऊन क्लच धरतो आणि चकती पुलीबरोबर फिरू लागते. हे पाहताना पंचा, लोंबती बाही आणि हात पट्ट्यापासून दूर ठेवायचे. चकती फिरली नाही, तर इंजिन बंद करून पुढची परीक्षा: नुसती किल्ली चालू ठेवून क्लचच्या वायरीला टेस्ट लॅम्प लावायचा. काही गाड्यांत इंजिन चालू असल्याशिवाय ही वीज सुटत नाही. तिथे लॅम्प आधी जोडून, हात काढून घेऊन, मग इंजिन सुरू करतात. लॅम्प पेटतो पण क्लच धरत नाही, तर क्लचची कॉइल जळालेली किंवा चकतीतले अंतर झिजून वाढलेले असते. लॅम्प पेटतच नाही, तर वीज वाटेत कुठेतरी अडली आहे. फ्यूज बदलून पाहावा. रिलेच्या जागी त्याच प्रकारचा दुसरा, उदाहरणार्थ हॉर्नचा, लावून पाहावा. इथे मोटारगाडीच्या सवयीने फसगत होते. मोठ्या ट्रकची वायरिंग २४ व्होल्टची असते, १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. कारच्या दुकानातून आणलेला १२ व्होल्टचा रिले, पंखा किंवा क्लच तिथे थोडा वेळ झकास चालतो आणि मग जळतो.

क्लच धरतो, पट्टा ताठ आहे, तरी हवा कोमट असेल तर कंडेन्सरकडे वळावे. त्याच्या पातळ पत्र्यांत धूळ, गवत, किडे आणि चिखल बसून हवेची वाटच बंद झालेली असते. अशी गाडी हायवेवर वेगात असताना बरी गार होते आणि टोलनाक्यावर किंवा बंदराच्या रांगेत उभी राहिली की गरम वारा फेकू लागते. पंखा बंद पडल्यावरही लक्षण हेच. कंडेन्सर आतून बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुवायचा. वॉशिंग सेंटरचा पंप जवळून मारला तर पत्रे आडवे होतात आणि धुण्याआधी होती ती वाटही बंद होते. केबिन पुढे कलंडवायची असेल तर आतले सामान आधी काढावे, गाडी सपाट जागी लावावी, चाकांना अडण द्यावी आणि केबिनचा आधारदांडा पूर्ण अडकल्याची खात्री केल्याशिवाय कोणी खाली जाऊ नये.

मालकाने किंवा चालकाने स्वतः करायची कामे साधारण इथे संपतात. खर्च किरकोळ, धोका सांभाळण्याजोगा, आणि तक्रारींचा मोठा वाटा इथेच निकालात निघतो. एवढे न पाहता गाडी थेट गॅस भरायला नेणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

पुढचा भाग गॅसचा. त्याबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज असा, की डिझेलसारखा तोही वापरून संपतो आणि दर उन्हाळ्यात थोडा टाकावा लागतो. बंद नळ्यांत फिरणारा गॅस खर्च होत नाही. रबरी नळ्यांतून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षाकाठी अगदी थोडा झिरपतो, तेवढाच. गारवा जाण्याइतका तो कमी झाला असेल तर त्याला कुठेतरी वाट मिळाली आहे, आणि वाट न बुजवता भरलेला गॅस त्याच वाटेने जाणार.

ट्रकमध्ये ही वाट मिळण्याची कारणे कारपेक्षा जास्त. कॉम्प्रेसर इंजिनवर आणि कूलिंग कॉइल केबिनमध्ये असते. इंजिन आपल्या रबरांवर हलते, केबिन आपल्या स्प्रिंगांवर, आणि या दोघांना जोडणाऱ्या रबरी नळ्या दोन्हीकडून ओढल्या जातात. एखादी क्लिप सुटली की नळी चासीच्या कडेला घासू लागते. गळतीची जागा पुष्कळदा नुसत्या डोळ्यांनीही सापडते, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असते आणि बाहेर पडताना तेही येते. कोरड्या धुळीने माखलेल्या नळ्यांच्या गर्दीत एखाद्याच जोडावर काळपट, ओशट चिकटा दिसला तर बोट तिथे ठेवावे. जोडावर साबणाचा फेस लावला आणि बुडबुडे आले तर शंका फिटली. इथपर्यंतचा शोधही मालक करू शकतो. जोड उघडणे मात्र वेगळी गोष्ट आहे.

वेगळी का, ते दाबाच्या हिशेबातून कळते. गाडी बंद असताना गेजवर दिसणारा दाब गॅस किती आहे ते सांगतच नाही. आत द्रवाचा एक थेंब जरी शिल्लक असेल तरी तो दाब तापमानावर ठरतो. ३५ अंशांच्या दुपारी तो सुमारे ११५ पीएसआय असतो, मग नळ्यांत भरपूर गॅस असो वा थोडाच. चालू गाडीतले आकडेही बाहेरचे ऊन, इंजिनचा वेग आणि कंडेन्सरची स्वच्छता यांप्रमाणे बदलतात. गॅस कमी असला तरी गारवा कमी होतो आणि जास्त भरला तरी कमी होतो, कारण कंडेन्सरमध्ये द्रवच साचून राहतो आणि उष्णता सोडायला जागा उरत नाही. म्हणून ‘थोडा टाकून बघू’ हा जुगार ठरतो. खात्रीची रीत एकच: असलेला गॅस यंत्राने काढून घ्यायचा, गळती दुरुस्त करायची, व्हॅक्यूम करायचा आणि गाडीवरच्या पट्टीवर लिहिलेले ग्रॅम काट्यावर मोजून भरायचे. छोट्या केबिनला अर्ध्या किलोच्या आसपास गॅस लागतो, स्लीपर केबिनला त्याहून जास्त. एवढ्याशा भरतीत शंभर ग्रॅमांची चूक मोठी असते.

व्हॅक्यूमचा टप्पा घाईत सर्वांत आधी गाळला जातो. जोड उघडला की नळ्यांत हवा आणि दमट हवेतले पाणी शिरते. हवा कंडेन्सरमध्ये अडून दाब वाढवते. पाणी एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठते. मग गाडी अर्धा तास गार राहते, एकाएकी गरम होते, आणि चहाला थांबून निघाले की पुन्हा गार होते. पाण्याचा तेलाशी आणि गॅसशी संयोग होऊन आतून धातू खाणारे आम्लही तयार होते. ३० अंशांच्या हवेत पाणी उकळवून बाहेर काढायचे तर आतला दाब पाऱ्याच्या ३२ मिलिमीटरांच्याही खाली न्यावा लागतो. चांगला पंप तिथे पोहोचल्यावरही त्याला अर्धा-पाऊण तास चालू ठेवतात आणि नंतर पंप बंद करून काटा जागचा हलतो का ते पाहतात. काटा हलला तर गळती अजून आहे. पावसाळ्यात, कोकणच्या दमट हवेत, हे काम आणखी लांबते. ड्रायरमधले ओल शोषणारे दाणे तर हवेला उघडे राहिले की भरून जातात, म्हणून सर्किट उघडले की ड्रायर नवा टाकतात.

दुरुस्तीच्या नावाखाली होणारे सर्वांत महाग काम मात्र एका वायरच्या तुकड्याने होते. गॅस फारच कमी झाला की प्रेशर स्विच क्लचची वीज तोडतो. टेस्ट लॅम्प घेऊन शोधत आलेला उत्साही माणूस या स्विचपर्यंत पोहोचतो, त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडतो, क्लच ‘टक्’ करतो आणि बिघाड सापडल्याचा आनंद होतो. पण कॉम्प्रेसरला तेल पोहोचवणारा गॅसच असतो. गॅस नाही तर तेल परत येत नाही, आणि कोरडा कॉम्प्रेसर चालत राहतो. तो जाम होतो तेव्हा त्याच्या आतला ॲल्युमिनियमचा भुगा तेलाबरोबर पुढे जाऊन कंडेन्सरच्या केसासारख्या बारीक वाटांत बसतो. त्या वाटा धुऊन साफ होत नाहीत. मग कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ड्रायर आणि एक्सपान्शन व्हॉल्व्ह अशी चारही बिले एकदम येतात. मूळ दोष जोडातल्या एखाद्या कडक झालेल्या ओ-रिंगएवढाच असू शकतो.

अंगावर बेतणारे धोके निराळे. सुटलेला द्रव गॅस कातडीवर किंवा डोळ्यात गेला तर तिथला भाग गोठतो, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेत. हाच गॅस आगीच्या ज्वाळेत गेला तर विषारी हायड्रोजन फ्लोराइड तयार होते, म्हणून भरलेल्या सर्किटजवळ गॅस वेल्डिंग करायचे नसते. इंजिन चालू असताना गेजची लाल, म्हणजे जास्त दाबाची, चावी उघडली तर कॉम्प्रेसरचा दाब उलटा गॅसच्या सिलिंडरमध्ये शिरून तो फुटू शकतो. गळती शोधायला वेल्डिंगचा ऑक्सिजन भरणे हा तर जिवाशी खेळ, कारण दाबाखालचा ऑक्सिजन तेलाला भेटला की स्फोट होतो. या कामाला कोरडा नायट्रोजन लागतो. काही ठिकाणी स्वस्तात म्हणून एलपीजी भरतात. तो गार करतो, यात शंका नाही. पण कूलिंग कॉइल केबिनच्या आत असते, आणि मागच्या बाकावर झोपलेल्या माणसाच्या उशाशी ज्वलनशील गॅसची गळती झाली तर ठिणगी पाडायला एक रिले पुरतो.

एक नुकसान बिलात दिसत नाही. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही. त्यासाठीच तो जुन्या आर-१२ च्या जागी आला. पण शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट उष्णता अडवतो. एक किलो गॅस हवेत सोडणे हे पाचशे लिटरहून अधिक डिझेल जाळण्याच्या तोडीचे आहे. जोड सैल करून ‘फुस्स’ करत गॅस सोडून देणे कितीही सोपे असले तरी हा त्याचा भाव. २०१६ च्या किगाली दुरुस्तीला, म्हणजे या वायूंबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या बदलाला, भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली असून २०३२ पासून अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने उतरवायचा आहे. हे काम कोणी करावे हेही काही ठिकाणी नियमाने ठरलेले आहे: अमेरिकेत पैसे घेऊन गाडीच्या एसीचे काम करणाऱ्याला प्रमाणपत्र लागते, मात्र झडप असलेले छोटे डबे घरगुती दुरुस्तीसाठी कोणालाही मिळतात. भारतात आयटीआयमधून या विषयाचे शिक्षण मिळते. रस्त्याकडेच्या बहुतेक कारागिरांचे शिक्षण मात्र उस्तादाच्या हाताखालचे असते, आणि त्यांच्यातला चांगला आणि घाईचा हे ओळखणे गिऱ्हाइकाच्याच माथी येते.

ती ओळख फारशी अवघड नाही. गळती कुठे होती असे विचारल्यावर जागा दाखवणारा, व्हॅक्यूम पंप लावून वेळ देणारा, सिलिंडर काट्यावर ठेवणारा आणि काढलेला जुना भाग हातात देणारा माणूस चांगला. ‘गॅस संपलाय, भरून देतो’ हे बॉनेट उघडायच्या आधीच सांगणारा घाईचा. गाडी वॉरंटीत असेल तर हा प्रश्नच नको. कंपनीच्या वर्कशॉपबाहेर कोणी बंद भागात हात घातला की दावा अडकण्याचीच शक्यता जास्त.

पैशाचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो. स्वतः काम केले तर मजुरी वाचते, पण गाडी उभी राहते, आणि उभ्या ट्रकचा हप्ता थांबत नाही. गेज, पंप आणि काटा यांची खरेदी एका गाडीच्या मालकाला परवडत नाही. दहा-बारा गाड्या असणाऱ्याला ती परवडू शकते, पण ती वापरायला शिकलेला एक माणूस पदरी असेल तरच. एका गाडीवाल्याने उघड्या भागाचा शोध स्वतः घ्यावा आणि बंद भागासाठी गाडी न्यावी, म्हणजे मजुरी फक्त जिथे कसब लागते तिथेच मोजली जाते. शिवाय ‘क्लच धरतो, कंडेन्सर धुतला, डावीकडच्या जोडावर चिकटा दिसतो’ असे सांगणाऱ्या गिऱ्हाइकापुढे कारागीरही विनाकारण भाग बदलायला धजावत नाही.

या हिशेबात एक रकाना हमखास कोरा राहतो. दुरुस्तीचा खर्च मालकाचा आणि उकाडा चालकाचा असतो. कॉम्प्रेसर इंजिनची काही ताकद खातो, त्यामुळे बंद एसीत मालकाचे थोडे डिझेलच वाचते. ‘बघू पुढच्या खेपेला’ हे उत्तर तिथूनच येते. सक्तीचा नियम गाडी कारखान्यात तयार होतानाचा आहे. तिसऱ्या वर्षी गळलेली नळी कोण बदलणार हे शेवटी मालकाच्या मनावर राहते. जिथे मालक स्वतःच गाडी चालवतो तिथे हा निर्णय सहसा रेंगाळत नाही. आणि एसी ही निव्वळ चैनही नव्हे. तापलेल्या केबिनमध्ये रात्रभर झोप न लागलेला माणूस दुसऱ्या दिवशी पंचवीस-तीस टन माल घेऊन घाट उतरत असतो. पावसाळ्यात कसारा किंवा खंबाटकी घाटात समोरची काच आतून धुरकटते, तेव्हा हवेतली ओल काढून ती स्वच्छ करणारा एसीच असतो.

दुरुस्ती कोणीही केलेली असो, तपासणी मालकाची. वारा येणाऱ्या मधल्या जाळीत साधा थर्मामीटर ठेवून, काचा बंद करून, दहा-पंधरा मिनिटांनी वाचावा; नीट चालणाऱ्या एसीत तो १० अंशांच्या आसपास येतो, कडक उन्हात थोडा वर राहतो. हा आकडा आणि तारीख गाडीच्या वहीत लिहून ठेवली तर पुढच्या उन्हाळ्यात ‘कमी गार वाटतंय’ या तक्रारीला ताडून पाहायला आधार मिळतो. पावसाळ्यात आणि थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटे एसी चालवावा, म्हणजे तेल फिरते आणि कॉम्प्रेसरचे सील कोरडे पडत नाही. फिल्टर आणि कंडेन्सर उन्हाळ्याआधी साफ करावेत, नळ्यांच्या क्लिपा ग्रीसिंगच्या वेळी हाताने हलवून पाहाव्यात. ही कामे बंद भागाला हात न लावता होतात, आणि ती वेळेवर झाली तर तो भाग उघडण्याची वेळ बरीच लांबते.